रंगीत तालमीची नोंदवही

वैशाखाच्या अखेरीस आमच्या नदीकांठच्या एका गांवीं पुराची रंगीत तालीम झाली. धरणांतून पाणी सोडल्याचा निरोप आला असें समजावयाचें, भोंग्यावरून दवंडी द्यावयाची, गुरें सोडावयाचीं, म्हातारींकोतारीं शाळेच्या माळावर न्यावयाचीं आणि होडी घाटाला लावावयाची, असा बेत होता. आम्ही सेवानिवृत्त असल्यामुळें कोणाच्याच हुकुमांत नव्हतों. चावडीच्या ओट्यावर बसून सर्व पाहत होतों. सायंकाळीं सभा भरली. होडीवाले म्हणाले, आम्ही वेळेवर आलों, माणसेंच आलीं नव्हतीं. स्वयंसेवक म्हणाले, माणसें केव्हांचीं तयार होतीं, होडी नव्हती. खालच्या आळींतील लोक म्हणाले, भोंगाच आम्हांस ऐकूं आला नाहीं. आणि भोंगा फिरविणारा मुलगा शपथेवर सांगूं लागला कीं, आपण त्या आळीवरून दोनदां गेलों. अर्धा तास वाद झाला, मग चहा आला, आणि अहवालांत "तालीम समाधानकारक रीतीनें पार पडली" असें लिहिलें गेलें.

त्या अहवालाबद्दल आम्ही कोणास दोष देत नाहीं. महसूल खात्यांत कारकुनी करीत असतां असले अहवाल आम्हीं स्वतः कितीतरी लिहिले आहेत, आणि "समाधानकारक" हा शब्द आमच्या हाताच्या वळणीं पडलेला आहे. परंतु २०१९ सालीं व पुन्हा २०२१ सालीं कृष्णा-पंचगंगेच्या कांठीं जें झालें तें ज्यांनीं पाहिलें, त्यांस खालच्या आळींत भोंगा ऐकूं गेला किंवा नाहीं हा प्रश्न चहाबरोबर गिळतां येणार नाहीं.

लढाईचा सराव करणाऱ्या लोकांस हाच वाद फार वर्षें छळीत आला आहे, आणि त्यांनीं तो मिटविण्याची एक युक्ति काढली आहे. सराव चालूं असतां प्रत्येकाची हालचाल संगणकानें टिपून ठेवावयाची, आणि मागाहून सर्वांस एकत्र बसवून तोच सराव त्यांच्या डोळ्यांपुढें पुन्हा चालवून दाखवावयाचा. या कामाचें सॉफ्टवेअर आज सैन्यांत वापरांत आहे. आमच्या वाचकांपैकीं कित्येकांचे मुलगे व भाचे सैन्यांत आहेत. त्यांस हा विषय अगदींच परका वाटणार नाहीं. पण आम्ही तो येथें मांडीत आहों तो आपल्या तालमीसाठीं.

आधीं जुनी गोष्ट सांगतों. दुसऱ्या महायुद्धांत १९४३ च्या नोव्हेंबरांत अमेरिकन सैन्य पॅसिफिक महासागरांतील माकिन बेटावर उतरलें, तेव्हां एस. एल. ए. मार्शल नांवाचे लष्करी इतिहासलेखक बरोबर होते. लढाई संपतांच त्यांनीं तुकडींतील शिपाई एकत्र बसविले आणि हुद्दा न पाहतां प्रत्येकास विचारलें, तूं त्या वेळीं कोठें होतास, काय पाहिलेंस? एकट्यानें सांगतांना जें सुटतें तें चौघांत बसल्यावर जुळून येतें. पंचनाम्याचें काम ज्यांनीं केलें आहे त्यांस यांत नवल वाटणार नाहीं. परंतु याच मार्शल साहेबांनीं पुढें असें लिहिलें कीं, प्रत्यक्ष लढाईंत चारांपैकीं एखादाच शिपाई बंदूक झाडतो. हा आंकडा जगभर गाजला. त्यांच्या मागें, १९८० नंतरच्या दशकांत, अभ्यासकांनीं त्यांचीं टिपणें तपासलीं, तेव्हां त्या आंकड्यास आधार सांपडेना. विचारणारा कितीही कसबी असो, नोंद नसली म्हणजे अखेर त्याच्या शब्दावरच विसंबावें लागतें.

विमानांच्या लढाईंत आठवण याहूनही लंगडी पडते. दोन विमानें भयंकर वेगानें एकमेकांभोंवतीं गिरक्या घेतात, दोनचार मिनिटांत सारें आटोपतें. खालीं उतरल्यावर कोण कोणाच्या पाठीशीं होता याचा निवाडा कसा करावा? वैमानिक थट्टेनें म्हणत कीं, जो आधीं फळ्याजवळ पोंचून खडू हातीं घेईल तोच जिंकला! व्हिएतनामच्या युद्धांत १९६५ ते १९६८ या काळांत अमेरिकन आरमाराच्या वैमानिकांस शत्रूचीं दोनतीन विमानें पाडतांना आपलें एक गमवावें लागे. चौकशी झाली, १९६९ सालीं कॅलिफोर्नियांत मिरामार येथें "टॉप गन" ही शाळा निघाली, आणि १९७२ सालच्या झुंजींत तेंच प्रमाण बारांस एकाच्या आसपास गेलें. त्या शाळेंत सराव कसून होई व सरावानंतरची उलटतपासणी त्याहून कसून. खडूचा तंटा मिटण्यास मात्र आणखी कांहीं वर्षें लागलीं. १९७० नंतरच्या दशकांत ॲरिझोनांतील युमाजवळ प्रत्येक विमानाच्या पंखाखालीं एक नळकांडें बसवून त्याची जागा, उंची व वेग जमिनीवरील संगणकास कळविण्याची सोय झाली, आणि मग फळ्याऐवजीं पडदा आला.

जमिनीवरील सैन्यानें हाच कित्ता गिरविला. कॅलिफोर्नियांतील मोहावे वाळवंटांत फोर्ट अर्विन येथें सुमारे एक हजार चौरस मैलांच्या रानांत १९८० सालीं राष्ट्रीय प्रशिक्षण केंद्र स्थापन झालें. तेथें शत्रूचें सोंग घेणारी एक कायमची पलटण असते. गोळीऐवजीं लेसरचा किरण सुटतो, आणि ज्यास तो लागला तो मेला असें समजतात. सोंगाची पलटण बारा महिने तेंच रान तुडवीत असल्यामुळें बहुधा तीच जिंके, आणि आलेले पाहुणे पराभव पाहून परत जात. पण खरे रणगाडे रानांत पळविणें म्हणजे तेल, सुटे भाग आणि पैसा यांचा धूर. म्हणून जॅक थॉर्प नांवाच्या हवाईदलांतील अधिकाऱ्याच्या कल्पनेवरून १९८३ सालीं अमेरिकेच्या डार्पा या संशोधनसंस्थेनें "सिमनेट" या नांवानें लुटुपुटीच्या रणगाड्यांचें एक जाळें उभारण्यास आरंभ केला. रणगाड्याच्या पोटांतील जागेएवढी पेटी, तींत चार माणसें, खिडकींच्या ठिकाणीं संगणकानें काढलेलें चित्र, आणि सर्व पेट्या तारेनें जोडलेल्या. अशा अडीचशेच्या आसपास पेट्या अमेरिकेंत व युरोपांत निरनिराळ्या छावण्यांत बसविल्या गेल्या.

आतां खरी मौज येथें आहे, आणि आमच्यासारख्या दप्तरी माणसास ती फार आवडली. या जाळ्यास मध्यवर्ती मामलेदार नाहीं. प्रत्येक पेटीचा संगणक आपल्यापुरती जमीन व आपल्यापुरतें आकाश काढतो, आणि बाकीच्यांस एवढेंच कळवितो कीं, मी अमक्या ठिकाणीं, अमक्या रोखानें, अमक्या वेगानें चाललों आहें. शेंकडों पेट्यांनीं सेकंदास पंधरावीस वेळां असें कळविलें तर तारेंत दाटी होईल. म्हणून नेम असा ठेवला कीं, एकदां निरोप आला म्हणजे पुढील निरोप येईपर्यंत तो गाडा त्याच वेगानें त्याच दिशेस चालला आहे असें धरून बाकीच्यांनीं त्यास आपणच पुढें सरकवीत जावें. निरोप धाडणाराही मनांत तेंच गणित करीत असतो. लोक मला या घटकेस कोठें समजत असतील हें तो पाहतो, आणि आपली खरी जागा त्या समजुतीहून वेगळी पडली म्हणजेच नवा निरोप धाडतो. ही रीत पुढें अभियंत्यांच्या आय-ट्रिपल-ई या संस्थेनें १९९३ सालीं १२७८ या क्रमांकाच्या प्रमाणपत्रकांत बांधून दिली. त्याच्या पुढील आवृत्तींत, निराळें कांहीं ठरलें नसल्यास, जागेंत एक मीटर किंवा रोखांत तीन अंश एवढा फरक पडला कीं निरोप, अशी मर्यादा सांगितली आहे. फरक न पडला तरी दर पांच सेकंदांनीं हजेरी लावावयाची. आणि बारा सेकंदांत हजेरी आली नाहीं तर तो गाडा रणांगणांतून गेला असें इतरांनीं समजावयाचें.

हा आपला फेरफारच नव्हे काय? जमीन जोंपर्यंत एकाच्या नांवें आहे तोंपर्यंत तलाठी रोज "आहे, आहे" असें लिहीत बसत नाहीं. विक्री झाली, वारस लागला, बोजा चढला, म्हणजे नमुना सहांत नोंद. सातबारा ही आजची स्थिति. ती कशी होत आली हें फेरफारांच्या क्रमावरून कळतें. आमच्या नोकरीचीं निम्मीं वर्षें त्या क्रमांतील एखादी हरवलेली नोंद हुडकण्यांत गेलीं, म्हणून हें साम्य आम्हांस लागलीच दिसलें.

नोंद ठेवणारें सॉफ्टवेअर, ज्यास तिकडे डेटा लॉगर म्हणतात, तें या जाळ्यांत एक मुका श्रोता म्हणून बसतें. जो निरोप कानीं पडेल तो, पडला त्या क्षणाची वेळ घालून, जशाचा तसा उतरून घेतें. गाड्यांची जागा, तोफ कोणीं डागली, गोळा कोठें फुटला, बिनतारी यंत्रावर कोण काय बोललें, सर्व एकाच ओळींत, एकामागून एक. लिहितांना अर्थ लावण्याचा खटाटोप तें करीत नाहीं, आणि हें आम्हांस फार शहाणपणाचें वाटतें. लिहिणारा अर्थ लावूं लागला कीं "समाधानकारक" सुरू होतें.

वेळेची गोष्टही ध्यानांत घेण्यासारखी आहे. निरोपावर धाडणाऱ्याचा जो वेळेचा शिक्का असतो तो केवळ चालू तासांतला. एका तासाचे दोनशें चौदा कोटींहून अधिक तुकडे कल्पून त्यांतील कितवा तुकडा हें तो सांगतो, पण तास कोणता, वार कोणता, हें त्यावर नसतेंच! तेव्हां लॉगरनें आपल्या घड्याळाची तारीख व वेळ घातली नाहीं, तर तो सारा ढीग तारीख नसलेल्या दस्तासारखा होतो. शिवाय निरनिराळ्या पेट्यांचीं घड्याळें जुळविलेलीं नसलीं तर गोळा सुटण्याआधीं फुटल्याची नोंद मिळूं शकते. दोन चावड्यांचीं घड्याळें दहा मिनिटांनीं मागेंपुढें असल्यामुळें एक पंचनामा वादांत सांपडलेला आम्हीं पाहिला आहे. त्यामुळें यंत्रांच्या या दोषास आम्ही हंसणार नाहीं.

आतां पुन्हा पाहण्याची रीत. तेच निरोप त्याच क्रमानें व त्याच अंतरानें जाळ्यांत पुन्हा सोडावयाचे, एवढेंच. ऐकणाऱ्या यंत्रांस ते ताजे कीं शिळे हें कळत नाहीं. तीं इमानानें तेंच चित्र पुन्हा काढतात. शेजारीं दुसरा सराव चालूं असला तर कालचे गाडे आजच्या रणांत भुतांसारखे फिरूं लागतील. म्हणून प्रत्येक निरोपावर सरावाचा क्रमांक असतो व पुन्हा सोडतांना तो बदलतात. मध्येंच एखादा प्रसंग उघडावयाचा झाला तर निराळी अडचण येते. जो गाडा उभाच आहे त्याची हजेरी येईपर्यंत त्याची जागा मोकळी दिसते. म्हणून चांगल्या लॉगरांत थोड्याथोड्या वेळानें सर्वांची त्या क्षणाची स्थिति एकत्र मांडून ठेवतात, म्हणजे फेरफारांच्या मध्यें मध्यें सातबारा काढून ठेवावा तसें. शिकविणारा महत्त्वाच्या क्षणीं खूण घालून ठेवतो आणि मागाहून नेमका तेथें जातो. हवें तेथें थांबवितो, हवें तेथें भरभर पळवितो.

आणि पाहणारा कोठेंही उभा राहूं शकतो. सिमनेटांत यासाठीं एक अदृश्य गाडा केलेला होता. त्यांत बसून वरून सारें रण पाहावें, किंवा शत्रूच्या खिडकींतून आपणाकडे पाहावें. ज्या नाल्यांत आपण सुरक्षित लपलों होतों असें अधिकाऱ्यास वाटत होतें, तो नाला पलीकडच्या टेंकडीवरून उघडा बोडका दिसतो हें त्याला दुसरे दिवशीं शत्रूच्या डोळ्यांनीं दिसलें, म्हणजे त्यास व्याख्यान देण्याची गरज उरत नाहीं.

यंत्र एवढें करतें. उरलेलें काम माणसांचें, आणि तें अवघड आहे. सरावानंतरच्या या बैठकीविषयीं अमेरिकन सैन्यानें १९९३ सालीं एक पुस्तिका काढली. तींत स्पष्ट म्हटलें आहे कीं ही बैठक म्हणजे परीक्षा नव्हे व ठपकाही नव्हे. काय व्हावयाचें होतें, काय झालें, तें तसें कां झालें, आणि पुढें काय करावें, याचा शोध ज्यांनीं काम केलें त्यांनींच घ्यावयाचा. वरिष्ठानें व्याख्यान द्यावयाचें नाहीं. पहिले दोन प्रश्न नोंदवहीनें सुटतात. तिसरा सुटण्यासाठीं माणसानें उठून "मी वाट चुकलों" असें म्हणावें लागतें, आणि त्या शब्दांचा कागद उद्यां आपल्या चाकरीच्या पुस्तकांत चिकटविला जाईल अशी भीति असली तर कोण म्हणेल? तसें झालें तर माणसें नोंदींत चांगलें दिसेल असेंच वागावयास शिकतील. आमच्या मतें या सबंध विद्येंतील सर्वांत नाजूक जागा ही आहे.

तिसऱ्या प्रश्नाचें एक उदाहरण देतों. १९९१ सालच्या आखाती युद्धांत २६ फेब्रुवारीस इराकच्या दक्षिण वाळवंटांत "७३ ईस्टिंग" ची लढाई झाली. हें गांवाचें नांव नव्हे. तेथें नांव देण्याजोगें कांहींच नव्हतें, म्हणून नकाशावरील एका उभ्या रेघेच्या क्रमांकावरून लढाईस नांव पडलें. आपण एखादा माळ नुसत्या गट नंबरानें ओळखावा तसें. वाळूच्या वादळांत कॅप्टन मॅकमास्टर यांची नऊ रणगाड्यांची तुकडी इराकी रणगाड्यांच्या रांगेवर अकस्मात् जाऊन पडली, आणि सुमारे तेवीस मिनिटांत ती रांग मोडली. त्या तुकडींतील एकही माणूस गेला नाहीं. ही खरी लढाई; तेथें लॉगर कसला? परंतु डार्पानें ठरविलें कीं या लढाईची नोंदवही मागाहून तयार करावयाची. अभ्यासक त्या रणांगणावर गेले, जळालेल्या गाड्यांच्या जागा पाहिल्या, उपग्रहांचीं छायाचित्रें मिळविलीं, शिपायांजवळचे ध्वनिमुद्रित संवाद ऐकले, आणि लढलेल्या माणसांस पुन्हा पुन्हा विचारून प्रत्येक गाड्याचा मार्ग बसविला. त्यांतून जे चित्र उभें राहिलें तें सरावासारखेंच पुन्हा चालवून पाहतां येई, आणि १९९२ सालीं तें अमेरिकेच्या सेनेटच्या समितीपुढेंही दाखविण्यांत आलें.

त्या चित्रांत हे रणगाडे ७० क्रमांकाची रेघ ओलांडून जातांना दिसतात. तेथें थांबावें अशी आज्ञा होती, आणि त्यांच्या हाताखालच्या अधिकाऱ्यानें बिनतारीवरून तशी आठवणही दिली होती. मग ते थांबले कां नाहींत? पडद्यावर याचें उत्तर नाहीं. तें कॅप्टन साहेबांनींच दिलें, कीं त्या क्षणीं थांबलों असतों तर गडबडलेल्या शत्रूस सांवरण्यास अवसर मिळाला असता. नोंद माणसाला कोठें गेलास हें सांगते. कां गेलास हें त्यालाच विचारावें लागतें.

दुसरी एक मर्यादा पुष्कळांच्या ध्यानांत येत नाहीं. पुन्हा दाखविणें आणि पुन्हा खेळणें हीं निराळीं आहेत. नोंदींतील गाडे कालचेंच करणार. आज तुम्हीं डावीकडून गेलां तर ते तुमच्याकडे वळून पाहणारही नाहींत. "तसें केलें असतें तर?" याचें उत्तर हवें असल्यास सराव पुन्हा मांडावा लागतो.

आतां आपल्या गांवाकडे. २०२१ पासून ई-पीक पाहणींत आपण स्वतः बांधावर उभें राहून फोनानें पिकाचें छायाचित्र काढतों आणि त्याबरोबर अक्षांश-रेखांशही जातात. तेव्हां हत्यार परकें नाहीं. सोसायटीनें पुढच्या तालमीस होडी, भोंगा, गुरांचा म्होरक्या आणि खालची आळी अशा चार ठिकाणीं चार फोन चालतेवेळची वाट टिपीत ठेवावे, आरंभीं चारींचीं घड्याळें ताडून घ्यावीं, आणि चार मुलांनीं जें दिसेल व ऐकूं येईल तेवढेंच वेळेसह वहींत उतरावें; मत लिहूं नये. संध्याकाळीं गांवनकाशा भिंतीवर लावून पांच पांच मिनिटांनीं प्रत्येकाचा खडा पुढें सरकवावा. कोणतेंही भारी सॉफ्टवेअर विकत घेण्याची आवश्यकता नाहीं. मात्र तो नकाशा व त्या वह्या गांवांतच राहाव्या, तालुक्यास जाऊं नयेत, असा ठराव आधीं व्हावा. वरिष्ठांस अहवाल लागतो तो वेगळा लिहावा, आणि त्यांत जुना शब्द खुशाल वापरावा.

गेल्या आठवड्यांत आम्हीं त्या भोंग्याच्या मुलास बोलावून घेतलें आणि त्याच्याबरोबर त्याच वाटेनें चाललों. तो खोटें बोलत नव्हता. आळीच्या वरच्या बांधावरून तो खरोखरच दोनदां गेला होता. मग आम्ही खालीं आळींत जाऊन उभे राहिलों आणि त्यास वरून भोंगा वाजविण्यास सांगितलें. कांहीं ऐकूं आलें नाहीं, कारण आळीच्या तोंडाशीं असलेली पिठाची गिरणी चालूं होती. तालमीच्या दिवशींही ती चालूं होती, असें गिरणीवाल्यानें आपण होऊन सांगितलें. तालीम आहे हें त्यास कोणीं कळविलेंच नव्हतें.